अबोल्याला जागा लागते

अबोला धरायचा तर घरात जागा लागते. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत ती नव्हती. १६० चौरस फूट, एक मोरी, एक खिडकी, एक स्टो आणि माणसं कायम दहाच्या वर. रुसून भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या अंगावरूनच पुढचं ताट न्यावं लागायचं, मग त्यालाही वाढणं आलंच. ‘चाळीत काय माया होती’ म्हणून गळा काढणाऱ्यांतली मी नाही. मजल्यावरच्या वीस बिऱ्हाडांच्या संडासाच्या रांगेत वाढलेय मी, तिथली माया मला नीट माहीत आहे. जे होतं तो नाइलाज होता. पण त्या नाइलाजाने आमच्या घरातलं राजकारण दोन पिढ्या आवरून धरलं, हे मात्र मला अलीकडे जाणवायला लागलंय. कारण आता नाइलाज संपलाय, आणि माझे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.

एक मशालवाला, दुसरा धनुष्यबाणवाला. दोघेही हे वाचतील, म्हणून मी स्वतः कोणतं बटण दाबते ते इथे लिहिणार नाही. त्यावर दोघांचे तर्क चालू असतात, ते चालू राहिलेले बरे.

आमच्या घरात पक्ष कधी एक नव्हताच. आजोबा कणकवलीजवळच्या गावातून आले ते परळच्या गिरणीत लागले आणि लाल बावट्याचे झाले. कॉम्रेड डांग्यांच्या सभेला जाताना ते धुवट सदरा घालत, एरवी देवळात जातानाच घालत तसा. काका मात्र १९६६ च्या ऑक्टोबरात शिवाजी पार्कवर पोचलेला. म्हणजे शिवसेनेच्या पहिल्याच मेळाव्याला, मिसरूडही फुटलेलं नसताना. पुढे चार वर्षांनी, जून १९७० मध्ये, परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि समोर सेनेचे वामनराव महाडिक. आजोबा बाईंच्या प्रचाराला, काका महाडिकांच्या. महाडिक निवडून आले, ते सेनेचे पहिले आमदार. ज्या पक्षाने आपला माणूस मारला असं आजोबांचं मत होतं, त्या पक्षाची पोस्टर्स चिकटवून काका पहाटे घरी यायचा आणि आजोबा पहिल्या पाळीला उठून गेले की त्यांच्याच गरम सतरंजीवर आडवा व्हायचा. दुसरी सतरंजी नव्हती.

आई तेव्हा घरातली तरुण सून. ती सांगते, बापलेक भांडायचे नाहीत असं नाही, चांगले भांडायचे. पण गिरणीच्या पाळ्या अशा की दोघं एकत्र सापडायचे रविवारी, आणि रविवारी सुक्या बोंबलाचं कालवण असायचं.

ही गोष्ट मी गोड करून सांगतेय असं वाटायला लागलं, म्हणून दुसरीही सांगते. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेवरून आमचीच बीडीडी पेटली. लोकसभेच्या पोटनिवडणुकीचे दिवस होते. चाळीतल्या चाळीत दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, पोलिसांच्या लाठ्या. कोणत्या इमारतीत कोणत्या जातीची वस्ती हे आधीपासून ठरलेलंच होतं, त्यामुळे दगड कुठे मारायचा हे कोणाला विचारावं लागलं नाही. ती फूट कालवणाच्या वाटीवर मिटणारी नव्हती आणि मिटलीही नाही. घराच्या आत लाल आणि भगवा एका सतरंजीवर निजले, पण समोरच्या चाळीतल्या निळ्याला आमच्या सतरंजीवर जागा नव्हती. आजोबांनीही कधी दिली नाही, कॉम्रेड असून. तेव्हा आमच्या घरातल्या मतभेदाचं कौतुक करायचं ते एवढं लक्षात ठेवून.

त्या पोटनिवडणुकीत सेनेने काँग्रेसच्या रामराव आदिकांना पाठिंबा दिला होता. म्हणजे काका, ज्याला काँग्रेसचं नावही नको असायचं, तो काँग्रेसवाल्यासाठी दारोदार फिरला. जिंकल्या रोझा देशपांडे, डांग्यांची मुलगी. आजोबांनी पेढे आणले. काकाने खाल्ले. आई म्हणते, दोन खाल्ले.

काका हा माणूस मला आता जास्त कळायला लागलाय. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, आणि तो संप अधिकृतपणे मागे घेतल्याचं कोणी आजतागायत जाहीर केलेलं नाही. काका शाखेचा गटप्रमुख, पण गिरणीच्या गेटवर तो डॉक्टरांचा, म्हणजे दत्ता सामंतांचा. सेनेची स्वतःची कामगार संघटना होती तरी. १९८४ च्या डिसेंबरात, इंदिराबाईंच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, आमच्या भागाने डॉक्टरांना दिल्लीला पाठवलं, त्यात काकाचं मत होतं. पुढच्याच वर्षी पालिकेच्या निवडणुकीत तो सेनेसाठी रात्रीचा दिवस करत होता आणि सेनेने पालिका जिंकली. गावाला गेला की देवळाच्या पायरीवर बसून बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांच्याबद्दल अशा भक्तीने बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा जन्माचा समाजवादी. पगाराच्या प्रश्नाला एक माणूस, नाक्यावरच्या प्रश्नाला दुसरा आणि गावच्या रेल्वेच्या प्रश्नाला तिसरा. यात त्याला काही विसंगत वाटत नसे. एकाच अंगात इतके पक्ष नांदत असल्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाचा पक्ष वेगळा निघाला म्हणून त्याच्याशी बोलणं का टाकायचं?

माझ्या भावांना ती सोय राहिली नाही. दोघेही काकाच्या बोटाला धरून शाखेत गेले. बाहेरच्या फळ्यावर खडूने रोजचा मजकूर लिहायचं काम दादाकडे होतं, त्याचं अक्षर सुंदर. धाकटा खडू आणि ओलं फडकं घेऊन खाली उभा. दोघांचा एकच पक्ष, एकच नेता, एकच दसरा. माझ्या मते घोटाळा इथेच झाला. आजोबा आणि काका वेगवेगळ्या ठिकाणी उभे होते, त्यामुळे एकमेकांनी दगा दिला असं म्हणायला दोघांनाही वाव नव्हता. हे दोघे एकाच ठिकाणी उभे होते.

२० जून २०२२ च्या रात्री विधान परिषदेचा निकाल लागला आणि आमदार सुरतला गेले, तिथून गुवाहाटीला. २९ तारखेला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. त्या रात्री दादा जेवला नाही. सरकारी बँकेत उभी हयात नोटा मोजलेला, निवृत्तीला आलेला माणूस, डोंबिवलीच्या घरात टीव्ही बंद करून अंधारात बसून होता, असं मोठ्या वहिनीने मला फोनवर सांगितलं. धाकटा पालिकेच्या कामांना माणसं पुरवतो. गटारं, पदपथ, पावसाळ्याआधीची नालेसफाई, यातली छोटी छोटी कामं, तीही कोणाच्या तरी हाताखाली. त्या मार्चपासून पालिकेत नगरसेवकच उरले नव्हते, प्रशासक बसला होता. धाकट्याचं गणित असं, की आता मधला माणूस नाही, तर ज्याचं वर सरकार त्याच्या दारात उभं राहायचं. तो ज्याच्या हाताखाली काम करत होता तो माणूस गेला, त्याच्या मागून हा गेला. मी एकदा धाकट्या वहिनीपुढे निष्ठा वगैरे शब्द काढला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ताई, निष्ठा पेन्शनवर चालते. आमचं बिलावर चालतं.”

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. पण दादाचं दुःख खोटं होतं असंही नाही. त्याच्या तरुणपणातला सगळा जिवंत भाग त्या फळ्यावर लिहून झालेला होता, आणि आता निवडणूक आयोगासमोर कागद मांडून तो कोणाचा ते ठरणार होतं. ऑक्टोबरात चिन्ह गोठलं, मशाल आणि ढाल-तलवार आली. १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण दोन्ही शिंद्यांकडे गेलं. त्या दिवशी धाकट्याने स्टेटसला धनुष्यबाण ठेवला. फक्त चित्र, शब्द एकही नाही. दादाने त्याचा नंबर ब्लॉक केला. या वयात.

आता खरी गोष्ट. गुवाहाटीवरून त्यांचं फोनवर जे पहिलं भांडण झालं, ते मी स्पीकरवर ऐकलंय. सुरुवात झाली गद्दार, खोके, हिंदुत्व, बाळासाहेबांचे विचार इथून. आणि पाहता पाहता भांडण खोलीवर आलं. कोणत्या वाक्याने वळण घेतलं ते मला सांगताही येणार नाही. खोली आजोबांच्या नावावर होती, त्यांच्यानंतर बाबांच्या. दादा लग्नानंतर डोंबिवलीला गेला, कारण दोन संसार त्या खोलीत मावत नव्हते. धाकटा राहिला, आईबाबांचं त्याने केलं, भाडेपावती त्याच्या नावावर झाली. तेव्हा त्या खोलीची किंमत कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. मग पुनर्विकास आला आणि १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर, तेही वरळीत, असं झालं. “मी जागा सोडली, हक्क नाही सोडला,” दादा म्हणाला. “आईला डायपर बांधताना हक्क कुठे होता?” धाकटा म्हणाला. त्यानंतर गुवाहाटीचं नाव निघालं नाही.

म्हणून ‘राजकारणाने घरं फोडली’ असं कोणी म्हटलं की मी जरा थांबते. आमच्या घराला चीर होतीच. पण खोलीवरून भावाशी बोलणं टाकलं तर लोक लोभी म्हणतात. आईला कोणी सांभाळलं यावरून टाकलं तर लाज वाटते. पक्षावरून टाकलं तर माणूस तत्त्वाचा ठरतो. दोघांनाही हे फार सोयीचं पडलं. दादा डोंबिवलीत सांगतो की माझा भाऊ गद्दारांबरोबर गेला, धाकटा वरळीत सांगतो की माझा भाऊ काँग्रेसच्या मांडीवर बसलेल्यांच्या मागे गेला. ऐकणारे हळहळतात. खोलीबद्दल कोणी विचारत नाही.

मोठ्या घरांत तरी वेगळं काय चाललंय? बारामतीत २०२४ ला नणंद-भावजय लोकसभेला समोरासमोर आल्या, सुप्रिया सुळे जिंकल्या. ऑगस्टमध्ये अजित पवार म्हणाले की बहिणीविरुद्ध पत्नीला उभं करायला नको होतं, राजकारण घरात आणू नये. नोव्हेंबरात विधानसभेला त्यांच्यासमोर सख्खा पुतण्या उभा. मधल्या दिवाळीत पाडवाही दोन ठिकाणी झाला, एक गोविंदबागेत आणि एक काटेवाडीत. टीव्हीवाले दोन्हीकडची गर्दी मोजत होते. माझ्या सासरी साताऱ्याकडे घड्याळ आणि तुतारी यांवरून जे झालं त्यावर मी लिहायला बसले तर माझं सासर जाईल, म्हणून ते सोडते.

गावाला मात्र अजून एकच गणपती आहे. भावकीचा, मूळ घरातला, खर्चाची पाळी शाखेशाखेने. २०२२ ला पाळी आमची, म्हणजे बाबांच्या मुलांची. नेमकी. ३१ ऑगस्टला चतुर्थी होती. मुंबईहून चाकरमान्यांसाठी पक्षांच्या फुकट गाड्या सुटत होत्या, कोणाची बस, कोणाची खास रेल्वे, आणि कोण कोणाच्या गाडीने आला यावरून वाडीत माणसांची नोंद होत होती. दादा स्वतःच्या पैशाने तुतारी एक्सप्रेसने आला आणि हे त्याने उतरल्या उतरल्या सगळ्यांना सांगितलं. धाकटा बसने आला. बसवरच्या बॅनरबद्दल त्याला कोणी काही विचारलं नाही, पण मुलांनी ते वाचलं होतं. विधानभवनाच्या पायऱ्यांवरची घोषणा तोवर कोकणातल्या प्रत्येक पोराच्या तोंडी होती. संध्याकाळच्या आरतीत ‘दर्शनमात्रे मनःकामना पुरती’ झालं, टाळ थांबले, आणि दादाच्या सात वर्षांच्या नातवाने त्याच ठेक्यात म्हटलं, “पन्नास खोके, एकदम ओके!” अर्धं खळं हसलं. धाकटा समई नीट करत होता, ती तशीच सोडून मागच्या दाराने न्हाणीकडे गेला. तो नातू त्याच्याच खांद्यावर बसून दरवर्षी विसर्जनाला जायचा.

त्या रात्री आमच्या वाडीतल्या सगळ्यांत वयस्क काकांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाण्यात देवाला सगळं सांगायचं असतं, काही लपवायचं नाही. ते म्हणाले, “ह्या घरातल्या भावाभावांच्या मनात काय रागरुसवो असात, कोणाच्या झेंड्यावरसून, कोणाच्या जाग्यावरसून, तर तो दूर कर आणि सगळ्यांका एक्या इचारान ऱ्हवची बुद्धी दी रे म्हाराजा!” झेंडा आणि जागा, दोन्ही. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणावंच लागतं, गप्प राहण्याची मुभा नाही. दादा म्हणाला. धाकटाही म्हणाला, मागच्या पडवीतून, पण खणखणीत. मग दोघेही जेवायला वेगवेगळ्या पंगतीला बसले.

पंगती कोणी लावल्या होत्या? बायकांनी. आम्हीच ठरवलं होतं की पहिल्या पंगतीला हा आणि दुसऱ्या पंगतीला तो, म्हणजे काळ्या वाटाण्याचं सांबारं कोणाच्या अंगावर जायला नको. हे काम आमच्याकडे आपसूक आलं. दोन्ही वहिन्यांचं आपसात उत्तम चालतं, पाककृती आणि औषधांची नावं रोज इकडून तिकडे जातात. दादाला आईला भेटायचं असतं तेव्हा धाकटी वहिनी मला मेसेज टाकते की ‘हे चारपर्यंत साइटवर आहेत’, मी तो मोठ्या वहिनीला पाठवते, आणि दादा योगायोगाने तीन वाजता उगवतो. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘राजकारण बंद’ असा नियम मी घातला. नियम पाळला गेला. आता तिथे फक्त वाढदिवस उरलेत, आणि भावांच्या वाढदिवसाला भाऊ सोडून सगळे केक टाकतात. आम्हा तिघींची स्वतःची मतं आहेत, ती एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्याबद्दल आजवर एकाही पुरुषाने आम्हाला काही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरंच कळलं असतं.

आईला मात्र दोघांनी विचारलं. २० मे २०२४, लोकसभेचं मतदान. तिला चालवत नाही, धाकट्याने खुर्चीवर बसवून केंद्रावर नेलं. दादाने संध्याकाळी फोन केला, धाकट्याने वाटेतच विचारलं होतं. वयाची पस्तीसेक वर्षं एकच चिन्ह शोधायची सवय असलेली बाई, आणि ते चिन्ह यंत्रावर होतं, फक्त माणसं बदललेली. दोघांना दिलेलं उत्तर एकच: “माका कित्याक इचारतास? मत मशीनीत गेला. आता ता मशीन जाणा.” तिने सासरा आणि दीर यांच्यामध्ये उभं राहून तांदूळ निवडलेत. तिच्याकडून काही काढून घेणं सोपं नाही.

जुलै २०२५ च्या ५ तारखेला आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, वरळी डोममध्ये, उद्धव आणि राज एका मंचावर आले. जवळजवळ वीस वर्षांनी. दादाने मला तो फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. मला वाटलं, याला काही सुचवायचं असेल. चाळीतला एक जुना शेजारी, पूर्वी मनसेत होता, त्या दिवशी आईला भेटायला आला होता. २००६ नंतर त्याच्या डोक्याला टाके पडले होते ते सेनेच्याच पोरांच्या हातून, ती पोरंही याच चाळीतली. टीव्हीवर गळाभेट चालू असताना तो टाळ्या वाजवत होता, अगदी मनापासून. मग कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाला, “आम्हाला कोणी सांगितलंच नाही की हे तात्पुरतं होतं.”

त्याच ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमचं त्यात आहे. चाळीस मजली इमारत, लिफ्ट, दोन बेडरूम, संडास घरात. आई पहिल्या दिवशी प्रत्येक खोलीचं दार उघडून बंद करून पाहत होती, इतकी दारं घरात असतात याचंच तिला नवल. दादा घर बघायला आला नाही. मोठी वहिनी आली, ओटी घेऊन.

सध्याचा प्रश्न गावच्या घराचा आहे. मागच्या पडवीची वासे-कौलं गेली आहेत, पावसाळ्याआधी उतरवायला हवीत. खर्च धाकटा करायला तयार आहे, पण दादाला भीती की आज कौलं घालणारा उद्या घर माझं म्हणेल, वरळीचा अनुभव आहे म्हणे. सातबाऱ्यावर अजून बाबांचंच नाव. वारस नोंद झाल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असं दादाचं म्हणणं, आणि या एका बाबतीत धाकटाही तेच म्हणतो. माझंही नाव लागणार आहे, हे दोघांनाही मी सांगितल्यावर कळलं. अर्जावर तिघांच्या सह्या हव्यात आणि तलाठ्यापुढे तिघांनीही उभं राहायचं असं ठरलंय. दादा तुतारीने जायचं म्हणतो. धाकट्याकडे गाडी आहे, तो म्हणतो, आईला घेऊन जातो, मागे दोन जागा आहेत. मी दादाला हे जसंच्या तसं कळवलंय. त्याने विचारलंय, गाडीच्या काचेवर स्टिकर कोणता आहे?